अचल मानलेली भूमी : भूपट्टांच्या सीमांपासून दूर होणारे भूकंप आणि खडकांचे रूपांतर

आपल्या विद्यालयात समाजशास्त्र शिकविणाऱ्या शिक्षकाला इतिहासाबरोबर भूगोलाचाही तास घ्यावा लागतो. प्रस्तुत लेखक मुळात इतिहासाचा विद्यार्थी. भूगोलाचे धडे तो पाठ्यपुस्तकाच्या आधारानेच शिकवीत आला. काही वर्षांपूर्वी इयत्ता नववीच्या वर्गात भूकंपाचा पाठ चालू होता. भिंतीवर जगाचा नकाशा टांगलेला होता आणि त्यावर भूपट्टांच्या सीमा तांबड्या रेषांनी दाखविल्या होत्या. भूपट्ट जेथे एकमेकांना भिडतात, एकमेकांपासून दूर सरतात किंवा एकमेकांना घासतात, तेथे भूकंप होतात, हे वाक्य मी नेहमीप्रमाणे सांगितले. तेव्हा औसा तालुक्यातून येऊन वसतिगृहात राहणारी एक विद्यार्थिनी उभी राहिली व म्हणाली, "सर, या रेषा तर हिमालयात आहेत. मग आमच्या किल्लारीला भूकंप कसा झाला?"

त्या मुलीच्या आजीने 1993 च्या त्या पहाटे पोटची दोन लेकरे गमावली होती. तिचा प्रश्न परीक्षेसाठी विचारलेला नव्हता. माझ्यापाशी त्याचे समाधानकारक उत्तर नव्हते. "उद्या सांगतो," असे म्हणून मी वेळ मारून नेली. तो 'उद्या' बराच लांबला, कारण उत्तर शोधताना लक्षात आले की, या प्रश्नाने भूगर्भशास्त्रज्ञांनाही दीर्घकाळ विचारात पाडले आहे. स्मरणिकेच्या निमित्ताने ते उत्तर माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधवांपुढे ठेवीत आहे.

समुद्रतळाचा नियम आणि खंडांचा अपवाद

पृथ्वीचे बाह्य कवच अखंड नसून लहानमोठ्या अनेक तुकड्यांत विभागलेले आहे. या तुकड्यांना भूपट्ट म्हणतात. त्यांच्या हालचालींचा सिद्धान्त 1960 च्या दशकात आकाराला आला. या सिद्धान्ताच्या मूळ मांडणीत भूपट्ट कडांशी मोडतो, पण आतून ताठ राहतो, असे गृहीत धरलेले होते. समुद्रतळाच्या बाबतीत हे पुष्कळ अंशी खरे आहे. महासागराखालील कवच पातळ, सुमारे 6 ते 7 किलोमीटर जाडीचे असले, तरी ते थंड झाल्यावर कणखर बनते आणि अखेर पृथ्वीच्या पोटात परत जाते. म्हणूनच आजच्या महासागरांचा तळ बहुतेक ठिकाणी 20 कोटी वर्षांहून जुना नाही.

खंडांचे तसे नाही. खंडीय कवचाची जाडी सरासरी 35 ते 40 किलोमीटर असते. तिबेटच्या पठाराखाली ती 70 किलोमीटरच्या आसपास जाते. हे कवच तुलनेने हलके असल्यामुळे ते सहजासहजी खाली बुडत नाही. त्यामुळे खंडांवर 300 ते 400 कोटी वर्षांपूर्वीचेही खडक शिल्लक आहेत. इतक्या दीर्घ काळात खंड अनेकदा जोडले गेले, फाटले व पुन्हा जोडले गेले. प्रत्येक वेळी काही सांधे आणि काही चिरा मागे राहिल्या. इतिहासाच्या परिभाषेत बोलायचे तर समुद्रतळ ही वारंवार पुसून लिहिली जाणारी पाटी आहे, आणि खंड हे जुने दफ्तर आहे. दफ्तरातील कागद जुने असतात, त्यांच्या घड्या पडलेल्या असतात, आणि ताण आला की ते घडीवरच फाटतात.

खंड केवळ कडेला मोडत नाहीत, ही गोष्ट पीटर मोल्नार आणि पॉल तापोनिए या शास्त्रज्ञांनी 1975 मध्ये आशिया खंडाच्या उदाहरणाने प्रभावीपणे दाखविली. भारतीय भूपट्ट सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी युरेशियाला भिडला. त्या टकरीतून हिमालय उभा राहिला, हे आपण शिकवितो. पण त्या रेट्याचे परिणाम हिमालयापाशी थांबले नाहीत. हिमालयाच्या उत्तरेला हजार किलोमीटरहून अधिक दूर असलेला तिएनशान पर्वतही त्याच रेट्याने उंचावला. त्याचे सर्वोच्च शिखर 7,400 मीटरपेक्षा उंच आहे. नकाशावर जी सीमा आपण एका बारीक रेषेने दाखवितो, ती खंडाच्या बाबतीत शेकडो, कधी हजारो किलोमीटर रुंदीचा पट्टा असते.

रेटा कोठून येतो आणि कोठे मोडतो

टकरीच्या दक्षिणेकडील बाजूला आपण राहतो. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे 5 सेंटिमीटर या गतीने उत्तरेकडे, किंचित ईशान्येकडे सरकत आहे. दक्षिणेस हिंदी महासागरातील सागरी पर्वतरांगांपाशी नवे कवच तयार होते आणि तेथून भूपट्टाला रेटा मिळतो. उत्तरेस हिमालय व तिबेट त्याला अडवितात. या दोहोंच्या मध्ये सारे द्वीपकल्प दाबाखाली आहे. हा दाब आपल्याला जाणवत नाही. पण दख्खनमधील एकही खडक त्यापासून मुक्त नाही.

एक साधा प्रयोग मुलांना करून दाखविता येतो. लाकडी फळीचे एक टोक भिंतीला टेकवावे आणि दुसरे टोक जोराने रेटावे. फळी भिंतीपाशीच मोडेल असे नाही. जेथे लाकडात गाठ असेल, जुनी चीर असेल किंवा कीड लागून ती पोकळ झाली असेल, तेथे ती मोडेल. खंडांचेही असेच घडते. रेटा सर्वत्र सारखा असला, तरी कमकुवतपणा सर्वत्र सारखा नसतो.

हा कमकुवतपणा मुख्यतः तीन कारणांनी येतो. पहिले कारण जुने प्रस्तरभंग. एखादे खंड पूर्वी कधी ताणले जाऊन खचलेले असेल, तर त्या काळच्या भेगा कोट्यवधी वर्षे तशाच राहतात आणि पुढे दाब आला की उलट दिशेने सरकू लागतात. दुसरे कारण उष्णता. तापलेला खडक मऊ पडतो. तिसरे कारण पाणी. भेगेत शिरलेले पाणी दोन्ही बाजूंच्या खडकांना एकमेकांपासून किंचित दूर ढकलते व घर्षण कमी करते. या तीनही कारणांची उदाहरणे आपल्या देशात आणि देशाबाहेर पाहता येतात.

कोयना, कच्छ, जबलपूर

दख्खनचे पठार अचल आहे, असे फार काळ मानले जात होते. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगर येथे 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला आणि या समजुतीला पहिला मोठा तडा गेला. त्यात सुमारे 200 माणसे मरण पावली. धरणाच्या जलाशयात पाणी भरू लागल्यानंतरच त्या भागातील धक्के वाढले होते. जलाशय भूकंपाची शक्ती निर्माण करीत नाही. ती भूपट्टावरील दाबातून आधीच साठलेली असते. पाण्याचा भार आणि भेगांत झिरपणारे पाणी यांमुळे ती लवकर मोकळी होते. कोयना परिसरात त्यानंतर अनेक दशके धक्के बसत राहिले आहेत. म्हणूनच तेथे शास्त्रज्ञांनी सुमारे 3 किलोमीटर खोल छिद्र घेतले आणि बसाल्टच्या खालचा प्राचीन ग्रॅनाइट व नीस खडक बाहेर काढून अभ्यासला.

कच्छमध्ये पहिले कारण स्पष्ट दिसते. डायनोसॉरच्या काळात भारत आफ्रिकेपासून विलग होत असताना ही भूमी ताणली जाऊन खचली होती. आज त्याच जुन्या भेगा दाबाखाली उलट सरकतात. 16 जून 1819 च्या भूकंपात तेथे रणाच्या सपाट भूमीत 80 किलोमीटरहून लांब असा उंचवटा रातोरात उभा राहिला. लोकांनी त्याला 'अल्लाह बंद' असे नाव दिले, कारण तो बांध माणसाने बांधलेला नव्हता. 26 जानेवारी 2001 रोजी त्याच प्रदेशाने पुन्हा भीषण भूकंप अनुभवला. 22 मे 1997 चा जबलपूरचा भूकंप नर्मदा-शोण पट्ट्यात, सुमारे 35 किलोमीटर खोलीवर झाला. तो पट्टा अतिप्राचीन सांध्याचा आहे. एके काळी जी भूमीची कड होती, ती आज देशाच्या मध्यभागी आहे. पण सांधा अद्याप सांधाच आहे.

किल्लारी

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गावोगावी विसर्जन आटोपून माणसे गाढ झोपली होती. पहाटे 4 वाजण्याच्या सुमारास 6.2 तीव्रतेचा धक्का बसला. औसा-उमरगा परिसरातील गावेच्या गावे जमीनदोस्त झाली. मृतांची संख्या वेगवेगळ्या नोंदींत 8 हजारांपासून 10 हजारांपर्यंत दिलेली आढळते.

तीव्रतेच्या मानाने हा भूकंप जगातील मोठ्या भूकंपांत गणला जात नाही. तरीही हानी एवढी का झाली? एक कारण असे की, त्याचे केंद्र 10 किलोमीटरपेक्षाही कमी खोलीवर होते. दुसरे कारण घरांच्या बांधणीत होते. दोन ते चार-पाच फूट जाडीच्या दगडी भिंती, आत आणि बाहेर दगडांचे दोन थर, मध्ये भरलेले खडे व चिखल, आणि वर माळवदावर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात थंडावा देणारी ही घरे धक्क्यासरशी फुगली आणि दगड-मातीसकट झोपलेल्या माणसांवर कोसळली. जेथे लाकडी खणांनी छताचा भार पेलला होता, तेथे भिंती पडूनही कित्येक ठिकाणी सांगाडा उभा राहिला. कुडाच्या भिंतींच्या आणि हलक्या छपराच्या झोपड्यांत राहणाऱ्यांना इजा कमी झाली. ज्या घरांना गावात प्रतिष्ठा होती, तीच अधिक घातक ठरली.

भूकंपानंतर किल्लारीजवळच्या शेतात जमिनीवर वर उचललेली, वेडीवाकडी भेग दिसून आली. दोन बाजूंनी दाब येऊन खडकाचा एक भाग दुसऱ्यावर चढला होता. हे चित्र उत्तर-दक्षिण रेट्याशी जुळणारे होते. त्या भेगेचा खाली शोध घेण्यासाठी शास्त्रज्ञांनी तेथे 617 मीटर खोल छिद्र घेतले. वरचे 338 मीटर दख्खनचा काळा बसाल्ट होता. त्याखाली सुमारे 8 मीटर गाळाचा पातळ थर लागला आणि त्यानंतर अतिप्राचीन स्फटिकमय खडक सुरू झाला. आपण ज्याला 'आपला काळा पाषाण' म्हणतो, तो या ठिकाणी केवळ एका पांघरुणाएवढा आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याने जुन्या भूमीवरच्या साऱ्या चिरा झाकून टाकल्या. झाकल्यामुळे त्या मिटल्या मात्र नाहीत.

न वितळता बदलणारा दगड

त्या छिद्रातून बाहेर आलेला प्राचीन खडक रूपांतरित होता, आणि येथे आपल्या विषयाचा दुसरा भाग सुरू होतो. खडकांचे तीन प्रकार आपण सर्वांनी शिकलेलो आहोत : अग्निजन्य, स्तरित आणि रूपांतरित. पहिले दोन सहज समजतात. तिसरा समजावून सांगताना अडचण येते, कारण त्यात खडक वितळत नाही. घन अवस्थेतच त्याचे अंतरंग बदलते.

वीटभट्टी पाहिलेल्यांना हे लवकर कळेल. कच्ची वीट पाण्यात टाकली की विरघळते. तीच वीट भट्टीत भाजली की तिचा रंग, कठीणपणा आणि अंतर्गत रचना बदलते. पण भाजताना ती वितळून वाहत नाही. पृथ्वीच्या पोटात भट्टीच्या उष्णतेला प्रचंड दाबाची आणि अफाट काळाची जोड मिळते. साधारणपणे खंडीय कवचात दर किलोमीटर खोलीला तापमान 25 ते 30 अंश सेल्सिअसने वाढते. जुन्या थंड भूमीत ते त्याहून कमी वाढते. सुमारे 200 अंशांच्या पुढे खनिजे बदलू लागतात. चिखलापासून बनलेल्या मऊ शेलची पाटीसारखी स्लेट होते. तापमान आणखी वाढले की अभ्रकाने चमकणारा शिस्ट आणि शेवटी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा नीस तयार होतो. चुनखडकाचा संगमरवर होतो, वालुकाश्माचा क्वार्ट्झाइट होतो. दाब एकाच दिशेने असेल, तर परातीतले पोहे तळहाताने दाबल्यावर जसे आडवे पडतात, तसे अभ्रकाचे पापुद्रे एका दिशेला ओळीने बसतात. त्यावरून कोणत्या बाजूने रेटा आला होता, हे कोट्यवधी वर्षांनंतरही वाचता येते. कोणती खनिजे तयार झाली, यावरून तापमान व खोली यांचा अंदाज करता येतो. रूपांतरित खडक स्वतःच आपला साक्षीदार असतो.

किल्लारीच्या छिद्रातील खडकाची साक्ष अशी की, तो मूळचा कवचाच्या मधल्या थरातील, जमिनीखाली कित्येक किलोमीटर खोल तयार झालेला होता. आज तो साडेतीनशे मीटरवर सापडतो. याचा अर्थ, लाव्हा येण्याआधीच त्याच्यावरचे कित्येक किलोमीटर जाडीचे खडक झिजून गेले होते आणि भूमी वर उचलली गेली होती. जिला आपण अचल मानीत होतो, तिने एवढा प्रवास केला होता.

हे रूपांतर नेहमी भूपट्टांच्या कडांशीच होते, असे पाठ्यपुस्तके सुचवितात. ते अपुरे आहे. याचे सर्वांत शिकण्याजोगे उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी आहे.

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी

मध्य ऑस्ट्रेलियातील लाल वाळवंटात उलुरू नावाचा 348 मीटर उंचीचा एकसंध खडक उभा आहे. अनांगू या तेथील मूळनिवासी लोकांचे ते पवित्र स्थान. वसाहतकारांनी त्याला आपल्या एका अधिकाऱ्याचे नाव दिले होते. 26 ऑक्टोबर 1985 रोजी त्या भूमीची मालकी अनांगू लोकांना परत मिळाली. हा खडक स्तरित वालुकाश्माचा आहे. पण त्याचे थर आडवे नाहीत, ते जवळजवळ उभे आहेत. आडवे साचलेले थर उभे कोणी केले? आजूबाजूला कोणतीही भूपट्टसीमा नाही आणि त्या काळीही ती फार दूर होती.

उत्तर असे की, सुमारे 55 कोटी वर्षांपूर्वी आणि पुन्हा 45 ते 30 कोटी वर्षांपूर्वीच्या काळात त्या खंडाच्या मध्यभागी पर्वत उभे राहिले. दूरच्या कडांवरचा रेटा आत पोहोचला आणि मधला कमकुवत भाग चिरडला गेला. पहिल्या घडामोडीत तेथील काही खडक सुमारे 40 किलोमीटर खोलीवर, 600 ते 700 अंश तापमानात रूपांतरित झाले आणि नंतर मोठ्या प्रस्तरभंगांवरून वर ढकलले गेले. त्या पर्वतांची झीज होऊन जो गाळ साचला, त्याचाच उलुरू बनला. दुसऱ्या घडामोडीत तो गाळ उभा कलला.

पण मध्यभागच कमकुवत का होता? माईक सँडिफर्ड आणि मार्टिन हँड यांनी 1998 मध्ये त्याचे एक स्पष्टीकरण मांडले. तेथील जुन्या खडकांत युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम या उष्णता देणाऱ्या मूलद्रव्यांचे प्रमाण जास्त आहे. त्यांवर कित्येक किलोमीटर जाडीचा गाळ साचला. गोधडी पांघरल्यावर अंगातील ऊब जशी आत कोंडते, तशी ही उष्णता खाली कोंडली गेली. कोट्यवधी वर्षांत खालचे कवच तापले, मऊ झाले, आणि दूरचा रेटा येताच तेथेच मोडले. ही दुसऱ्या कारणाची, म्हणजे उष्णतेची कथा झाली.

याच प्रदेशात आणखी एक नवल आहे. हार्ट्स रेंज नावाच्या टेकड्यांत सुमारे 800 अंश तापमानाला रूपांतरित झालेले खडक आहेत. पूर्वी ते अतिप्राचीन असावेत असे समजले जाई. काटेकोर कालमापनाने दाखविले की, ते मूळचे शेजारच्या खोऱ्यात साचलेल्या गाळाच्याच काळातील गाळ आहेत. शेजारच्या खोऱ्यात तो गाळ आजही साधा वालुकाश्म आणि चुनखडक आहे. येथे मात्र भूमी ताणली जाऊन खोल खचली, गाळ सुमारे 30 किलोमीटर खाली गाडला गेला आणि 48 ते 46 कोटी वर्षांपूर्वी त्याचे संपूर्ण रूपांतर झाले.

बोलीभाषेत आपण दगडाची 'जात' विचारतो. हार्ट्स रेंजचा दगड सांगतो की, दगडाचीसुद्धा जात जन्माने ठरत नाही. एकाच गाळातून कोणता दगड होईल, हे त्याला मिळालेला दाब, उष्णता आणि काळ ठरवितात. निसर्गातील दाखल्यावरून समाजाचा नियम सिद्ध होत नाही, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला माहीत असले पाहिजे. परंतु उतरंडीला निसर्गाचा आधार असल्याचे ज्यांनी आम्हांला शतकानुशतके सांगितले, त्यांनी हा निसर्ग नीट पाहिलेला नव्हता, एवढे मात्र म्हणता येते.

मध्य ऑस्ट्रेलियाच्या त्या जुन्या प्रस्तरभंगांवर काळ्या, काचेसारख्या बारीक शिरा मोठ्या प्रमाणावर आढळतात. भूकंपाच्या क्षणी खडक एवढ्या वेगाने घासले जातात की, त्या घर्षणाने ते क्षणभर वितळतात आणि लगेच थिजतात. प्रत्येक शीर हा एका प्राचीन भूकंपाचा लेख आहे. ज्या भूकंपांना पाहणारा माणूसच पृथ्वीवर नव्हता, त्यांचीही नोंद खडकाने ठेवली.

रूपांतराचे आणखी एक साधन आपल्या बुलढाणा जिल्ह्यात आहे. लोणारचे सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे विवर लाखो वर्षांपूर्वी आकाशातून आलेल्या अशनीच्या आघाताने बसाल्टमध्ये पडले. त्या आघाताच्या दाबाने बसाल्टमधील फेल्डस्पार या खनिजाची न वितळता काच झाली. हार्ट्स रेंजमध्ये रूपांतराला लाखो वर्षे लागली, लोणारला निमिषार्धही लागला नाही. दोन्हीकडे भूपट्टाची सीमा नाही.

नोंदींचे मौन

आता पुन्हा त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. 1993 मध्ये किल्लारी परिसर भारताच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या क्रमांकाच्या विभागात होता. या वर्गवारीत पूर्वीच्या भूकंपांच्या नोंदींना मोठे वजन होते, आणि किल्लारीला मोठ्या भूकंपाची नोंद नव्हती. 1992 च्या उत्तरार्धात तेथे अनेक लहान धक्के जाणवले होते. पण नोंदी शांत असल्यामुळे भूमीही शांतच राहील, हा विश्वास टिकून राहिला. 2002 च्या सुधारित मानकात पहिला विभागच रद्द झाला आणि किल्लारीचा समावेश तिसऱ्या विभागात केला गेला. तोपर्यंत हजारो माणसे गेली होती.

यातील चूक इतिहासाच्या पद्धतीची आहे, म्हणून ती मला अधिक बोचते. खंडाच्या अंतर्भागात ताण अत्यंत मंद गतीने साठतो. हिमालयात भूकंपांची आवर्तने शतकांत मोजली, तर येथे ती हजारो वर्षांत मोजावी लागतात. आपल्या लेखी नोंदी मात्र काही शतकांच्या. एवढ्या तोकड्या पट्टीने एवढा काळ मोजला की 'काही घडलेच नाही' असे उत्तर येणारच.

भूकंपानंतर सी. पी. राजेंद्रन आणि कुसला राजेंद्रन यांनी किल्लारीप्रमाणेच तेर येथेही संशोधन केले. तेर म्हणजे प्राचीन तगर. सातवाहन काळात रोमन जगाशी व्यापार करणारे आणि विटांचा बौद्ध स्तूप असलेले नगर. त्या भूमीत पूर्वीच्या हालचालींच्या खुणा त्यांना आढळल्या. म्हणजे या पठाराने पूर्वीही धक्के सोसले होते. ते कोणी लिहून ठेवले नाहीत, किंवा लिहिलेले उरले नाही.

ज्यांचा इतिहास लिहिला गेला नाही, त्यांना इतिहासच नव्हता असे मानण्याची खोड आपल्या देशात जुनी आहे. आपण त्या खोडीचे परिणाम भोगलेले लोक आहोत. म्हणूनच नोंद नसणे आणि घटना नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या मुलांना दुसऱ्या कोणाहीपेक्षा लवकर समजावे. दफ्तर मुके असेल, तर जमीन खोदावी. जमिनीत उत्तर असते.

कारण शोधणारी दृष्टी

महापरिनिब्बान सुत्तात भूकंपाच्या आठ कारणांचा उल्लेख आहे. त्यातील पहिले कारण असे की, पृथ्वी पाण्यावर, पाणी वाऱ्यावर आणि वारा आकाशात आधारलेला असून, वारा खवळला की पाणी हलते आणि पाणी हलले की पृथ्वी हलते. आजच्या विज्ञानाच्या कसोटीला हे उतरत नाही, आणि ते उतरते असा दावा करून आपण तथागतांचा गौरव करू शकत नाही. उरलेल्या कारणांत अलौकिक गोष्टीही आहेत. लक्षात घेण्याजोगे एवढेच की, त्या काळीही आधी नैसर्गिक कारण विचारले गेले : हे असल्यामुळे ते घडते. अनित्यता म्हणजे केवळ फुलाचे कोमेजणे नव्हे. डोंगर, खंड आणि आपल्या पायाखालचा काळा पाषाण यांनाही ती लागू आहे.

आपत्तीनंतर पूर्वजन्मीच्या पापाची भाषा नेहमीच ऐकू येते. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माने या जन्मीचे दुःख ठरते, हा विचार तपासून नाकारला. लेकरे गमावलेल्या आईला 'तुझे कर्म' असे सांगणे हे अज्ञान तर आहेच, शिवाय ते क्रौर्यही आहे. तिची लेकरे तिच्या पापाने गेली नाहीत. दूरचा रेटा, झाकलेली जुनी चीर, अपुरा नकाशा आणि न बांधलेली भिंत ही त्यामागची कारणे होती. पहिली दोन कारणे आपल्या हाती नाहीत. उरलेली दोन आहेत.

पालकांना माझी विनंती आहे. घर बांधताना गवंड्याला विचारा : जोत्याच्या, दारा-खिडक्यांच्या वरच्या आणि छपराखालच्या पातळीवर चारही भिंतींना बांधणारा सलग काँक्रीटचा पट्टा आहे का? दगडी भिंतीची आतली व बाहेरची बाजू जोडणारे आरपार दगड घातले आहेत का? जुन्या माळवदावरील मातीचा भार कमी करता येईल का? या गोष्टींचा खर्च घराच्या एकूण खर्चाच्या मानाने फार नाही. 'आपल्याकडे भूकंप होत नाही' हे उत्तर कोणी दिल्यास ते स्वीकारू नका.

त्या विद्यार्थिनीला मी पुढे हे सारे वर्गात समजावून सांगितले. नकाशावरील तांबड्या रेषा कायम आहेत, पण आता तो धडा शिकविताना मी किल्लारी, कोयना आणि कच्छ येथे खडूने तीन खुणा करतो व मुलांना विचारतो, "येथे रेषा नाही. मग येथे भूकंप का झाला?" धड्याची सुरुवात आता त्या प्रश्नानेच होते.